माझा, बाबांचा, आत्याचा, आईचा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज गॅरेजचं शटर मी एकटीने उचललं. निम्म्यावर ते अडतं, तेव्हा बाबा डाव्या कोपऱ्यात खाली एक लाथ घालतात आणि ते मुकाट्याने वर जातं. मीही घातली. शटर गेलं, अंगठा अजून ठणकतोय.

बाबा सकाळच्या गाडीने आत्याकडे गेले. पाठीला पूर्ण आराम हवा, असं डॉक्टर म्हणालेत आणि इथे राहिले तर ते पाना हातात घेतल्याशिवाय राहणार नाहीत, असं आत्या म्हणाली. निघताना ते एवढंच बोलले, "महिनाभर चालवून बघ. मी आलो की बसून ठरवू."

काय ठरवायचं ते बोलले नाहीत, पण मला कळतं. शेजारचे टायरवाले गेल्या वर्षापासून आमची जागा मागताहेत. मला एकटीला झेपलं नाही, तर गॅरेज बंद करून जागा त्यांना द्यायची, दुसरं काय?

दुपारी पहिलीच गाडी आली ती सुईणबाईंची. या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मली, मीसुद्धा. गाडी उभी करून त्या खाली उतरल्या आणि माझ्या मागे बघत म्हणाल्या, "कुठंय तुझा बाप?"

"आत्याकडे गेलेत. पाठ धरलीय."

"अरे वा. मग तूच बघ. चढावर झटके देते बघ, अगदी उचकी लागल्यासारखी. सपाटीवर शहाण्यासारखी वागते. वरच्या वस्तीतल्या एका पोरीचे दिवस भरत आलेत, तिथवर पोचवण्याइतकी तरी नीट कर."

मी म्हटलं, करते. म्हणताना आवाज बरा निघाला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गाडी घेऊन चढावर गेले. झटके खरेच आहेत. इंजिन तापलं आणि चढ लागला की एक सिलिंडर पेटायचा चुकतो आणि गाडी अडखळते. गॅरेजमध्ये उभी केली की तेच इंजिन मांजरासारखं घुरघुरत राहतं, कान लावून काही हाती लागत नाही. स्कॅनर लावला. (नवा आहे, मी हट्टाने घ्यायला लावला. अजून कोऱ्या प्लास्टिकचा वास येतो.) पडद्यावर आलं : पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

पहिला म्हणजे माझा.

हे इथे लिहून ठेवते, कारण घराबाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. मी इंजिन शिकले ते घरच्या बाकावर. जेवायला आम्ही चौघं एका लांब बाकावर ओळीने बसायचो, कडेला मी, मग आई, मग बाबा, पलीकडच्या कडेला आत्या. तेव्हा ती आमच्याकडेच राहायची. बाबांनी मला चार सिलिंडर शिकवले ते असेच : बॅटरीच्या बाजूने पहिली तू, दुसरी आई, तिसरा मी, चौथी आत्या. आणि ते पेटतात कसे? ओळीने नाही, तर एक, तीन, चार, दोन. हे माझ्या डोक्यात शिरेना. मग बाबांनी जेवताना दाखवलं. आई वाढायची कशी? आधी मला, मग बाबांना, मग आत्याला, आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वतःला. माझा, बाबांचा, आत्याचा, आईचा. मी ते गाण्यासारखं म्हणत फिरायचे. खोक्यावर उभी राहून बोनेटमध्ये डोकावायचे आणि प्रत्येक प्लगला नावाने हाक मारायचे.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. तरी बाबा अजून "आईचा प्लग काढ" असंच म्हणतात. तेवढं म्हणताना त्यांचा आवाज अगदी साधा असतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझी कॉइल काढून आईच्या जागी घातली, आईची माझ्या जागी. कॉइल प्लगला वीज पुरवते. ती बिघडलेली असेल तर बिघाड तिच्याबरोबर सरकेल, आणि स्कॅनर पहिल्याऐवजी दुसरा म्हणेल. चढावर गेले, आले. स्कॅनर : पहिला.

म्हणजे कॉइल नाही. मग प्लग असेल. पहिल्याचा नवा प्लग घातला. तिसऱ्या-चौथ्याला हात लावला नाही. बाबांचा नियमच आहे, ज्याने तक्रार केली नाही त्याला झोपेतून उठवायचं नाही.

नवा प्लग घातल्यावर मी स्वतः दोनदा चढ चढले, एकदाही झटका आला नाही. संध्याकाळी गाडी परत दिली. जेवायला बसल्यावर वाटलं, प्लग नीट आवळला ना? पुन्हा मनातल्या मनात आवळला. मग खरंच आवळला होता की मनातच आवळला, हेच कळेना.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुईणबाई सकाळी परत. स्वतःच्या गाडीने नाही, दूधवाल्याच्या गाडीत बसून.

"तुझी गाडी वरच्या वळणावर रुसून बसली," त्या म्हणाल्या. माझी गाडी! "अर्धा चढ मी पायी गेले. हातात पिशवी, या वयात."

"आणि बाळ?" मी विचारलं.

"त्याला कसली घाई? कळा खोट्याच निघाल्या. अजून आठ-दहा दिवस घेईल. तुझंही असंच होतं, सगळ्यांना ताटकळत ठेवून सावकाश आलीस. आणि आल्यावर रडायच्या आधी इकडे तिकडे बघितलंस, काही चुकलं तर नाही ना म्हणून."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीने चढ चढतो का? गाडी घेऊन ये आणि कर काहीतरी." मग पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "जेवली नसशीलच." हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

रविवार, ९ फेब्रुवारी

आत्याला फोन केला. बाबा जवळ नव्हते.

"झोपलेत का?"

"कुठले झोपताहेत! शिडीवर... म्हणजे, हो, झोपलेत. शिडी पडली होती आमची. ते जाऊ दे. ठमे, तू जेवतेस ना वेळेवर?"

मागून हातोडीचा आवाज येत होता. शेजारी काम चाललंय म्हणाली. अशा आवाजात पाठदुखीच्या माणसाला आराम कसला मिळणार! मला त्यांची फार काळजी वाटते. गाडीबद्दल काही बोलले नाही. आराम करायला गेलेत, त्यात माझी रड कशाला?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

इंजेक्टरची, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांची, अदलाबदल केली, माझा आणि आईचा. स्कॅनर : पहिला.

पहिल्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासलं. ठणठणीत. वायर ओढून, वाकवून, हलवून बघितली. ठणठणीत. पहिल्यात बिघडण्यासारखं काही उरलंच नाही आणि तरी पडदा म्हणतो पहिला, पहिला, पहिला. शाळेत हजेरीला माझं नाव सारखं पुकारत राहावं आणि मी 'हजर' म्हणून ओरडत असताना कुणाला ऐकूच जाऊ नये, तसं झालंय.

दुपारी पार्टवाल्या काकांच्या दुकानात गेले. ते म्हणाले, "बाकी सगळं तपासलंस ना? मग गाडीचा कॉम्प्युटर गेला असेल. बदलून टाक." कॉम्प्युटरची किंमत ऐकून मी पुन्हा विचारली. तीच होती. सुईणबाईंना सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि खात्री नसताना सांगायचं कसं? बदलून झाल्यावरही तो पहिला म्हणाला तर?

काका चहा पाजता पाजता म्हणाले, "तुझे बाबा असते तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. नंबर मात्र त्यांना कधी पटकन सांगता येत नाही हं. वायर मागायला फोन करतात, 'कितव्या नंबरची?' विचारलं की गप्प. मी इकडे फोन धरून उभा. मग हळूच नंबर येतो. हुशार माणूस, पण चारपर्यंत मोजायला एवढा वेळ!"

मला राग आला. वय झालंय बाबांचं. पण खरं आहे, मीही पाहिलंय. पूर्वी गरज पडली की ते कुणाचा तरी स्कॅनर मागून आणायचे. पडद्याकडे बघायचे, जरा थांबायचे, मग मला म्हणायचे, "आत्याचा बघ गं." आकडा मी कधी वाचलाच नाही. त्यांनी नाव सांगितलं की मी पाना घ्यायची.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

टायरवाले आज टेप घेऊन आले आणि आमची भिंत मोजायला लागले. मी गाडीखाली होते, त्यांचे बूट दिसले.

"काय करताय?"

"काही नाही ताई, सहज. दोन रॅक इथे बसतील का बघतोय. बाबा म्हणाले ना, महिन्याने सांगतो?"

"मग महिना होऊ दे."

"होऊ दे की. मला काय घाई?" टेपचं दुसरं टोक त्यांनी मलाच धरायला सांगितलं आणि मी धरलं! चांगल्या घरची सवय, कुणी काही धर म्हटलं की धरायचं. ते गेल्यावर स्वतःच्या हाताचा इतका संताप आला.

जिथे त्यांचे रॅक येणार, तिथेच भिंतीला टेकून माझं खोकं अजून आहे. त्यावर आता ग्रीसचे डबे असतात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काही सुचलं नाही. हत्यारं पुसून जागच्या जागी लावली. ती लावलेलीच होती.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी इस्त्री करताना आईची पाणी फवारायची बाटली हातात आली आणि एकदम आठवलं. मी लहान असताना एखादी गाडी फारच छळायला लागली, की बाबा आईकडून ही बाटली मागून न्यायचे. आई ओरडायची, "तिला तेलाचे हात लागतात, मग माझ्या पातळांना डाग पडतात!" बाबा भर दुपारी शटर खाली ओढून अंधार करायचे, इंजिन चालू ठेवायचे आणि वायरींवर पाण्याचं धुकं मारायचे. जिथे वायर फुटलेली, तिथून निळे धागे बाहेर पळताना दिसायचे. मी त्यांना काजवे म्हणायचे. मागच्या दारात आई पदराला हात पुसत उभी असायची. बाटली परत न्यायला आलेय असं सांगायची, पण काजवे संपेपर्यंत हलायची नाही.

मी शटर ओढलं. मागचं दार उघडं ठेवलं, धूर कोंडू नये म्हणून. इंजिन चांगलं तापू दिलं. स्कॅनर डोळ्यांसमोर टांगला. मग माझ्या कॉइलवर धुकं मारलं. काही नाही. आईच्या, काही नाही. बाबांच्या, काही नाही. आत्याच्या कॉइलवर मारलं मात्र, इंजिन धडपडलं, गाडी थरथरली आणि कॉइलच्या मानेपाशी एक बारीक निळा धागा लकाकला.

काजवा! इतक्या वर्षांनी. मी वेड्यासारखं मागच्या दाराकडे बघितलं.

मग पडद्याकडे बघितलं. तिथे मिसफायरचे आकडे भराभर वाढत होते. पहिल्यात.

हात चौथ्यावर, आकडे पहिल्यात. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

म्हणजे स्कॅनर खोटा आहे. नवा कोरा, आणि तोही मी हट्टाने घ्यायला लावलेला. विकणाऱ्याला फोन करून चांगलं सुनावलं. तो म्हणाला, "ताई, मशीन चुकत नाही हो." मी म्हटलं, "मग काय मी चुकतेय? चारपर्यंत मोजता येतं मला."

रविवार, १६ फेब्रुवारी

शेवटी बाबांना फोन केला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "स्कॅनर पहिला सांगतो आणि ठिणगी आत्याकडे उडते. मशीन खोटं आहे ना?"



"मशीन खरं आहे," बाबा म्हणाले. "खोटं मी बोललो."

"म्हणजे?"

"पहिला इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याच्या बाजूने मोजतात, बाळा. बॅटरीच्या बाजूने नाही. या सगळ्या गाड्यांत तसंच असतं. आत्या पहिली. तू चौथी."

"मी शेवटची?"

"मी तुला बरोबरच शिकवलं होतं, पहिल्या दिवशी," ते म्हणाले. "पण तुझं खोकं बॅटरीच्या बाजूला, तू तिथे उभी. तुझ्यासमोरचा शेवटचा आहे म्हटल्यावर तू जे भोकाड पसरलंस! खोक्यावरून उतरेनास, जेवेनास. तुझी आई बाहेर आली आणि म्हणाली, पोरीला शेवटची म्हणताय, इंजिनाला काय फरक पडतो हो? मी विचार केला, आणि खरंच सांगतो, काही फरक पडत नव्हता. पेटण्याचा क्रम कुठूनही मोज, तोच येतो. म्हणून फिरवलं."

"आणि नंतर? मी मोठी झाल्यावर?"

"सांगणारच होतो. मग तुझी आई गेली. मोजणी बदलायची तर तिलाही जागेवरून उठवायला हवं होतं. दुसरी होती ती तिसरी झाली असती. राहू दे म्हटलं."

मग म्हणाले, "तुला एकटीला स्कॅनर वाचायची वेळ येईल, हे डोक्यातच आलं नाही बघ. माझी चूक. गाडी खोळंबली ना?"

मी म्हटलं, "थोडी." मागून आत्याचा आवाज आला, "पहिली मी? आणि हे मला आज सांगताय?"

फोन ठेवल्यावर टेबलावर चार कप ओळीने मांडले आणि बोटाने क्रम मोजला, एक, तीन, चार, दोन, पुन्हा एक. मग टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने. खरंच तोच. फिरून फिरून तोच. म्हणून इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल आत्याची कॉइल बाहेर काढली. खरं म्हणजे पहिल्याची. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, रबरी सील झिजून प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं होतं, त्यात कॉइलचं रबर फुगून तडकलं होतं. थंड असताना निभायचं, तापून जोर पडला की वीज तड्यातून निसटायची. नवं सील, नवी कॉइल, नवा प्लग. खड्डा कापडाने कोरडा केला, पुन्हा केला, आरसा घालून बघितला.

आज चढ चढले. मग उतरून पुन्हा चढले, मुद्दाम गाडीत रेतीची पोती टाकून. एक झटका नाही. वरच्या वळणावर गाडी थांबवली आणि थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकत बसले.

सुईणबाईंना सगळं खरं सांगितलं, माझ्या मोजणीची चूकसुद्धा. आधी माझ्या सिलिंडरमध्ये घातलेला प्लग विनाकारण होता, त्याचे पैसे घेणार नाही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या खो खो हसल्या.

"तुझी आई म्हणायचीच मला, या घरात पोरीसाठी इंजिनंसुद्धा उलटी फिरवतात. मला वाटायचं, बोलायची पद्धत असेल."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वरच्या वस्तीत मुलगी झाली. गाडी एका दमात वर गेली. सुईणबाईंनी शटरसमोर गाडी न थांबवता नुसता हॉर्न वाजवला, आणि मी काय समजायचं ते समजले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

टायरवाले आले, बरोबर सुतार. मी गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हटलं, "जागा द्यायची नाहीये."

"बाबांनी सांगितलं?"

"मी सांगतेय."

ते सुताराला म्हणाले, "चल रे." ते गेल्यावर मी पुन्हा गाडीखाली शिरले. बाबांना न विचारता केवढं बोलून बसले! ते काय म्हणतील? रात्री फोन केला नाही. आल्यावर समोरासमोरच सांगेन.

शनिवार, १ मार्च

बाबा आले. चेहरा उन्हाने रापलाय. आराम करणाऱ्या माणसाला ऊन कुठून लागलं, विचारलं तर म्हणाले, आत्याच्या अंगणात ऊन फार. आत्याने निरोप धाडलाय, छप्पर आता गळत नाही, आभारी आहे. कुणाचे आभार ते काही कळलं नाही.

मी लगेच सांगून टाकलं. "टायरवाल्यांना नाही म्हणून सांगितलं मी. तुम्हाला विचारलं नाही. चुकलं असेल तर..."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि शटरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघायला लागले. "इथे पोचा पडलाय. तू पण लाथ घालतेस का?"

"आपण बसून ठरवणार होतो ना?"

"ठरवायचं होतं तेवढं ठरलं की."

मी मनाशी पक्कं केलंय की यापुढे गिऱ्हाइकाच्या कामात पट्ट्याच्या बाजूनेच मोजायचं. बाबांनाही तसं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, तसंच कर.

दुपारी एक जुनी गाडी आली, लांब वायरींची. बॅटरीच्या बाजूची कडेची वायर उंदराने खाल्लेली. बाबांनी पार्टवाल्या काकांना फोन लावला. "वायर हवी होती एक," म्हणाले. तिकडून काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला असणार.

बाबा गप्प झाले.

मी इतकी वर्षं ही शांतता बघत आले होते, आणि ती वयाची आहे असं मानत होते. आज हातातलं काम थांबवून बघितलं. त्यांची नजर भिंतीजवळच्या खोक्यावर होती. तिथून एका हट्टी मुलीला अलगद उचलायचं, पहिल्या जागेवरून चौथ्या जागेवर न्यायचं, आणि तिला कळणार नाही असं ठेवायचं, एवढा वेळ तर लागणारच.

"चौथ्याची," बाबा म्हणाले.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "तुझी वायर उद्या येईल."

मी बरं म्हटलं, आणि बॅटरीच्या बाजूला जाऊन उभी राहिले.